दुलातच्या दोन रेघा

त्रेचाळिसाव्या वाढदिवशी दुलात झानबोसिनोव्हला तीन शुभेच्छा आल्या. एक बँकेची, एक चष्म्याच्या दुकानाची आणि एक दंतवैद्याची. चौथी सकाळी सात वाजता फोनवरून यायची, "ऊठ रे म्हाताऱ्या!" अशी. पण ती देणारा त्याचा थोरला भाऊ सायात दीड वर्षापूर्वी गेला होता. तरीही दुलात सातच्या आधी उठला, फोन समोर ठेवून बसला, चहा गार होईपर्यंत बसला आणि मग कामावर गेला. वाट बघण्यात अर्थ नाही हे त्याला कळत होतं. पण सवय काही अर्थ बघून लागलेली नसते.

कामावर जाताना ट्राममध्ये त्याने एक वजाबाकी केली. सायात गेला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. सेहेचाळिसातून त्रेचाळीस गेले, राहिले तीन. त्याने उतरायच्या आत ठरवून टाकलं, की आतड्याची तपासणी करून घ्यायची. सायातच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "सख्ख्या भावंडांनी चाळिशीलाच बघून घ्यायचं, पन्नाशीची वाट बघायची नाही." दुलात दीड वर्ष कशाची वाट बघत होता, ते तो कुणाला सांगत नसे. तसं विचारणारंही कुणी नव्हतं.

त्याचं काम पावलोदार शहरातले वजनकाटे तपासण्याचं. हे काम माणसाला मान देतं, मित्र देत नाही. तो बाजारात शिरला की वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या विकणाऱ्या बायका खोकून एकमेकींना इशारा देत, आणि खोकला रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साथीसारखा पसरत जाई. त्याला स्वतःला बाजारात कधी अचूक वजन मिळालं नाही. भीतीपोटी सगळे जास्तच टाकत. जास्त टाकणं हाही कायद्याने दोषच, असं त्याने एकदा मांसवाल्याला समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून मांसवाला तो दिसला की दुकान बंद करी.

तर असा हा माणूस वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीसमोर उभा राहिला.

"आतड्याची तपासणी करायची आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

"काय करायचंय?" खिडकीतल्या बाई अशा आवाजात म्हणाल्या, की मागची रांग ताठ झाली.

"आतड्याची तपासणी."

"जन्मसाल?"

त्याने सांगितलं. बाईंनी संगणकाकडे पाहिलं. "ही तपासणी पन्नास ते सत्तर वयाला असते. तुम्ही सात वर्षांनी या."

"माझा सख्खा भाऊ याच आजाराने गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी."

बाईंनी पुन्हा संगणकाकडे पाहिलं. "त्यांचंही वय बसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

दुलात आपल्या धंद्यातलं बोलला. "हे बघा बाई, एकाच साच्यातल्या दोन काट्यांपैकी एक बिघडलेला सापडला, तर आम्ही दुसरा त्याच दिवशी तपासतो. त्याची मुदत संपायची वाट बघत नाही."

"मग तुमच्या ऑफिसातच तपासून घ्या की," बाई म्हणाल्या. रांगेत कुणीतरी हसलं. दुलातने टोपी घातली, मग आपण अजून आतच आहोत हे लक्षात येऊन काढली, आणि तशीच हातात धरून वस्तीच्या डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसला. तिथे तो दोन तास बसला. शेजारच्या म्हातारीने त्याला स्वतःच्या पित्ताशयाचा सगळा इतिहास सांगितला, आणि खरं सांगायचं तर त्याला तो आवडला. आठवडाभरात त्याच्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं.

डॉक्टर गाउहार वयाने लहान होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि त्या ऐकून घेत होत्या. दुलातला हे इतकं नवीन होतं, की तो बोलताना दोनदा थांबला.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन वर्षं उशिराच आलात. हल्ली हा आजार तिशी-चाळिशीतही दिसतो, आणि तिथेच घात होतो. रक्त दिसलं की तरुण माणूस म्हणतो मूळव्याध असेल, घरचेही म्हणतात मूळव्याध असेल, आणि वर्ष निघून जातं."

दुलातने टोपीच्या आतलं अस्तर नीट बघितलं.

"तुमच्यासाठी थेट आतड्यात दुर्बीण घालून बघणंच योग्य," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "पण या संगणकाशी भांडायला मला कारण हवं. ही घरी करायची चाचणी घ्या. पट्टीवर एक रेघ आली तर रक्त नाही, दोन आल्या तर आहे. दोन आल्या की संगणक अडवू शकत नाही."

"आणि एकच आली तर?"

"तर मी भांडेन. एक रेघ आली म्हणून तुमची दुर्बीण सुटत नाही. घरात झालेलं आहे ना."

ती चाचणी दुलातने शनिवारी सकाळी केली. तिचं वर्णन करण्याची गरज नाही. एवढंच सांगतो, की सरकारी नमुने गोळा करण्याचा वीस वर्षांचा अनुभव त्याच्या कामी आला आणि सूचनापत्रातल्या एकाही वाक्याचं उल्लंघन झालं नाही. पट्टी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, घड्याळ लावलं आणि पाठीमागे हात बांधून उभा राहिला. पहिली रेघ लगेच आली. दुसरी आलीच नाही असं वाटलं. मग गुलाबी सावलीसारखी आली, मग ठळक झाली आणि पहिलीच्या बरोबरीने उभी राहिली.

दुलात स्टुलावर बसला. बाहेर इर्तिश नदी गोठून पांढरीफटक पडली होती आणि तिच्यावर लोक भोकं पाडून मासे धरत बसले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. समोरच्या घरातली कापामावशी. बालवाडीत तीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झालेली ही रशियन बाई आपला घरचा काटा दर दोन महिन्यांनी दुलातकडून फुकट तपासून नेई, आणि काटा नेहमीप्रमाणे बरोबर निघाला की नाराज होई. ती काटा काखेत मारून सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिची नजर खिडकीत गेली.

"दुलात!" काटा टेबलावर आदळला. "दोन रेघा!"

"मावशी, ते..."

तिने पट्टी उचलली, उजेडात धरली, चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. "दोन! स्वच्छ दोन! अरे लबाडा! आणि आम्ही जिन्यात म्हणतो, हा एकटा, हा एकटा! कोण आहे ती?"

"मावशी, आधी ते खाली ठेवा. हात धुवा."

"अरे जा! अशा गोष्टीची कसली किळस!" आणि पट्टी छातीशी धरून तिने दुलातच्या दोन्ही गालांचे खणखणीत मुके घेतले.

त्याने सांगायला तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. पण त्याच्या गालांना यापूर्वी माणसाचा स्पर्श झाला होता तो सायातच्या दफनाच्या दिवशी. कापामावशीच्या हातांना कांद्याचा आणि साबणाचा वास होता, तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते पाणी दुलातच्या आनंदाचं होतं. जगात कुणाला तरी दुलातच्या आनंदाने रडू येत होतं. त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"लग्नाचं काय?" मावशीने डोळे पुसत विचारलं.

"अजून काही ठरलं नाही," दुलात म्हणाला. हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

दुपारपर्यंत पाचही मजल्यांना बातमी लागली. संध्याकाळी तळमजल्यावरचे सेइतकालीकाका वर आले. पस्तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस. बोलताना अजूनही वळणावर आल्यासारखे एका बाजूला कलत.

"उशीर झाला, पण पोचलास," ते म्हणाले. "ऐक. तिला थंड खाऊ देऊ नकोस. केस कापू देऊ नकोस. मांजराला लाथ मारू देऊ नकोस, मूल केसाळ होतं."

"मांजर नाहीये, काका."

"मग बरंच आहे. तुझी चाल मघाशी जिन्यात पाहिली मी. मुलगी होणार."

रविवारी ते आणि त्यांचा जावई एक लाकडी पाळणा घेऊन आले. आडव्या दांड्याचा, लाल-निळ्या नक्षीचा, तीन पिढ्या वापरलेला. तो दुलातच्या छोट्या बैठकीत ठेवला तेव्हा खुर्ची बाहेर काढावी लागली. चौथ्या मजल्यावरच्या बाईने गरम बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, पाठवले. कुणीतरी बाळाला अंघोळ घालायचा निळा टब दारात ठेवून गेलं. सोमवारी जिन्यात तिघांनी त्याला थांबवून हात मिळवला. त्यातल्या एकाला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

दुलात खोटं बोलला नाही, त्याने फक्त दुरुस्ती केली नाही. वजनमापाच्या कायद्यात या दोन्हीला शिक्षा सारखीच आहे, आणि ते कलम त्याला तोंडपाठ होतं. तो संध्याकाळी पाळण्याशेजारी बसून बाउरसाक खायचा. एकदा त्याने पाळण्याला हलकेच बोट लावलं. पाळणा बराच वेळ हलत राहिला. तो थांबल्यावर घरात इतकी शांतता झाली, की दुलातने रेडिओ लावला आणि शेतीविषयक कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला.

मंगळवारी डॉक्टर गाउहारनी पट्टीचा फोटो पाहिला. त्यांचा चेहरा बदलला नाही आणि दुलातने त्याबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

"रक्त म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे," त्या म्हणाल्या. "अनेक कारणं असतात. पण आता बघायचंच. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला. भूल देतील, काही कळणार नाही. हे तयारीचं औषध. आणि हा फॉर्म, इथे सोबतीचं नाव लिहा."

"सोबतीचं?"

"भूल दिलेल्या माणसाला एकट्याला घरी सोडत नाहीत. कुणीतरी न्यायला हवं. बायको, मित्र, शेजारी, कुणीही."

दुलातने पेन उघडलं. 'सोबत येणाऱ्याचं नाव' या शब्दांपुढे एक टिंबांची ओळ होती. त्याने पहिलं टिंब बघितलं, मग दुसरं. "घरून भरून आणतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने कागद घेऊन यादी केली. ऑफिसातला सहकारी होता, पण त्याच्याशी गेल्या वर्षी खिडकी उघडी ठेवण्यावरून बोलणं बंद झालं होतं. शाळेतला मित्र कॅनडात होता. टॅक्सीवाल्याला विचारून पाहिलं, तर तो म्हणाला, "साहेब, मी दारापर्यंत माणूस पोचवतो. झोपलेला माणूस हे सामान झालं, त्याला दुसरी गाडी लागते." यादीत शेवटी एकच नाव उरलं. ते दुलातने लिहिलं, खोडलं, आणि तो समोरच्या घरी गेला.

"मावशी, पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर दवाखान्यात याल?"

"अगं बाई! एवढ्या लवकर? कितवा महिना चाललाय तिला?"

"तिला नाही. मला."

कापामावशी पोळी लाटायची थांबली. दुलातने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी कसली, रेघा कसल्या, रक्त कसलं. सगळं सांगून झाल्यावर मावशीने पहिल्यांदा काय केलं असेल, तर ती नळाशी गेली आणि तिने हात धुतले. तीन दिवस उशीर झाला होता. तरी कोपरापर्यंत धुतले.

"सायातला होतं तेच?" तिने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"माहीत नाही. तेच बघायचंय."

तिने डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू केलं. "ते नाव या घरात काढू नकोस. मला तसल्या ठिकाणी चक्कर येते रे. रक्तदाब... माझा नवरा तिथूनच..." आणि तिने लाटणं उचललं, पोळी इतकी पातळ लाटली, की तिच्यातून ओटा दिसायला लागला.

जिन्यात बातमी पहिलीपेक्षा लवकर पसरली. फरक एवढाच, की यावेळी कुणी काही बोललं नाही. हात मिळवणारे भिंतीकडे बघत खाली उतरू लागले. बुधवारी सेइतकालीकाका जावयाला घेऊन आले.

"पाळणा," ते म्हणाले. "नातीला लागणार आहे."

त्यांची नात सातवीत होती, हे त्यांना आणि दुलातला दोघांनाही माहीत होतं. दुलातने दार पूर्ण उघडून धरलं आणि पाळण्याचा एक पाय चौकटीत अडकला तो सोडवून दिला. काका जाताना वळणावर आल्यासारखे कलले, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग सरळ झाले. बैठकीत खुर्ची परत ठेवली तरी जागा उरल्यासारखी दिसत होती.

आता ते खोडलेलं नाव. राउशान ही सायातची बायको, दुलातची वहिनी. दोन तासांवर एकिबास्तूझला राहायची. कझाक घरातली सून सासरच्या माणसाचं नाव घेत नाही, स्वतः एखादं नाव ठेवते. लग्नाच्या जेवणात वीस वर्षांच्या दुलातने आचाऱ्याला मिठाचं प्रमाण शिकवलं होतं, त्यामुळे त्या दिवसापासून तो वहिनीसाठी 'शहाणे' झाला. दफनानंतर तो तिच्याशी एकदाही बोलला नव्हता. तिनेही फोन केला नव्हता, आणि का केला नसेल हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं.

कारण सायातने आधी त्याला विचारलं होतं. साडेतीन वर्षांपूर्वी, असाच सकाळी सातला फोन. "अरे, जरा रक्त पडतंय रे मला. कुणाला सांगू नकोस." आणि दुलातने, ज्याला सगळ्याचं प्रमाण माहीत असतं, त्याने सांगितलं होतं, "मूळव्याध आहे. बैठं काम ना तुझं. काकडी खा, पाणी पी, होईल बरं." सायात हसला होता. त्याने काकडी खाल्ली. एक वर्ष खाल्ली.

दुलातने नंबर फिरवला. तीन रिंगनंतर तिने उचलला.

"वहिनी, मी."

पलीकडे श्वास ऐकू आला. "बोला, शहाणे."

"पुढच्या गुरुवारी मोकळ्या आहात का? दवाखान्यात सोबत लागते म्हणतात."

उत्तराची वाट न बघता दुलात फोन ठेवणार होता.

"किती वाजता?" राउशानने विचारलं.

तपासणीच्या आदल्या दिवशीची तयारी अशी, की दिवसभर काही खायचं नाही आणि दुपारपासून औषध कालवलेलं चार लिटर पाणी ठरलेल्या अंतराने प्यायचं, म्हणजे आतडं धुऊन निघतं. पुढे काय होतं ते सुज्ञांस सांगणे न लगे. दुलातने ऑफिसातलं शिक्का मारलेलं लिटरचं माप आणलं होतं. पहिलं माप भरलं, मीठ लावलेल्या लिंबाला गंज चढावा तशी चव होती, ते प्यायलं, आणि हात धुवायला नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि गप्प झाला.

तो जिन्यात धावला. मुख्य दाराशी कागद डकवला होता. 'दुरुस्तीच्या कामामुळे आज एक ते रात्री आठपर्यंत पाणी बंद राहील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' कागद तीन दिवस जुना होता. पण तीन दिवस दुलातही भिंतीकडे न बघताच जिना चढत-उतरत होता.

त्याने पाणीखात्याला फोन केला. "आज अडचण आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांचीच आहे."

"माझी जरा वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

पोटात गडगडलं. दुलात झानबोसिनोव्हने वीस वर्षांच्या सरकारी नोकरीत पहिल्यांदा बोलणं अर्धवट सोडून फोन ठेवला आणि पळाला.

पुढच्या तासात घरातलं सगळं पाणी संपलं. किटलीतलं गेलं, फुलझाडाचं गेलं. बर्फ वितळवावा म्हणून त्याने बाल्कनीतून बादलीभर बर्फ आणला, तो वितळून तांब्याभर झाला, आणि तेवढ्यात दुसऱ्या मापाची वेळ झाली. ते पिऊन, कपाळ थंड फरशीला लावून तो बसला. कुणाला हाक मारावी? आणि काय म्हणून मारावी? माणसाला एकटेपणात रडू येतं म्हणतात. दुलातला त्या वेळी रडायलाही सवड नव्हती.

जिन्यात काहीतरी खडखडलं. मग पुन्हा. पावलं आली, गेली. घंटा कुणी वाजवली नाही. शेवटी त्याने दार किलकिलं करून पाहिलं.

दारापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पाण्याची भांडी मांडलेली होती. सगळ्यांनी सकाळीच भरून ठेवलेलं पाणी. बालवाडीतलं मोठं पातेलं, त्यावर लाल रंगात 'दुसरा वर्ग – सूप'. सेइतकालीकाकांचा चहाचा समोवार, काठोकाठ. लोणच्याच्या चार बरण्या, दोन बादल्या, एक इस्त्रीत वापरायची बाटली. कापामावशीच्या दाराच्या भिंगाच्या भोकात काहीतरी हललं आणि चटकन काळं झालं.

दुलातने भांडी एकेक करून आत नेली. 'धन्यवाद' म्हणावं असं वाटलं, पण दार बंद होतं, आणि पोटही थांबायला तयार नव्हतं.

गुरुवारी पहिल्या बसने राउशान आली. केस पांढरे झाले होते, आणि हातात केवढी तरी पिशवी होती. तिच्यात उकडलेलं मांस, बटाटे, घरची मलई होती. ज्याला पाण्याचा घोटही मना होता अशा माणसासाठी तिने पहाटे उठून हे सगळं केलं होतं.

"नंतर खाल," ती म्हणाली. बाकी ट्राममध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत बसले.

नर्सने फॉर्म पाहिला. "सोबत कोण?"

"मी," राउशान म्हणाली. "मोठी वहिनी." आणि दुलातची टोपी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.

आत त्याला कुशीवर झोपवलं. मागून उघडा असा गाऊन त्याला देण्यात आला होता, आणि वजनमाप खात्याचा वरिष्ठ निरीक्षक या नात्याने त्याबद्दल काही बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण ते ओठांपर्यंत यायच्या आत दिवे वितळले.

जाग आली तेव्हा खुर्चीत राउशान होती आणि एक डॉक्टर उभे होते. "दोन पॉलिप सापडले," ते सांगत होते. "आतड्याच्या आतल्या बाजूला अळंबीसारख्या गाठी येतात, तसे. एक वाटाण्याएवढा, एक मोठ्या चेरीएवढा. दोन्ही मुळासकट काढले. तपासायला पाठवतोय. दहा दिवसांनी कळेल. मोठा आणखी तीन-चार वर्षं राहिला असता तर मी असा उभ्याने बोललो नसतो."

डॉक्टर गेले. भूल माणसाच्या अंगातून जाते त्याआधी जिभेवरून जाते, असं दुलातला वाटलं, कारण त्याची जीभ आपोआप बोलायला लागली.

"वहिनी, मी काकडी सांगितली."

"काय?"

"दादाने मला आधी सांगितलं होतं. रक्ताचं. मी म्हटलं, मूळव्याध आहे, काकडी खा. मी डॉक्टरकडे जा म्हणालो नाही. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून मी फोन..."

राउशान टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. सबंध टोपी एकदा फिरून झाली.

"मी बीट म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"त्याने मला त्याच आठवड्यात दाखवलं. मी म्हटलं, काल बोर्श्ट खाल्लंस ना, बिटाचा रंग आहे तो. घाबरट आहेस, म्हटलं." तिने नाक ओढलं. "मला वाटलं, त्याने तुम्हाला ते सांगितलं असणार. भावाला सगळं सांगायचा. म्हणून तुम्ही फोन करत नाही, असं मी धरून चालले. दीड वर्ष."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा भुलेतच मोठ्याने म्हणाला, "काकडी आणि बीट! मलई घातली का?"

राउशानला हसू फुटलं. हसता हसता तिने तोंड दुलातच्या टोपीत दाबलं, आणि टोपीतून येणारा आवाज मग हसण्याचा राहिला नाही. दुलातने हात पुढे केला. हात अजून भुलेतच होता, तो तिच्या खांद्याऐवजी खुर्चीच्या पाठीवर पडला. तो तिथेच राहू दिला.

दहा दिवस दुलातचे कसे गेले ते सांगत बसत नाही. त्याने त्या काळात अकरा काटे दोन-दोनदा तपासले आणि भांडी ज्याची त्याला परत केली. सेइतकालीकाका समोवार घेताना म्हणाले, "पाळणा माळ्यावर आहे. जागा अडवतोय," आणि दार लावून घेतलं. कापामावशीने पातेलं परत घेतलं आणि रिकामं घेऊ नये म्हणून, की देऊ नये म्हणून, तेच सूप भरून पुन्हा त्याच्या हातात दिलं.

अकराव्या दिवशी डॉक्टर गाउहारनी कागद पुढे केला. मोठा पॉलिप बिघडायच्या वाटेवर होता, पण बिघडला नव्हता. कॅन्सर नाही. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. दुलातने कागद तीनदा वाचला. बाहेर येऊन तो पायरीवर उभा राहिला. उन्हात छपरांच्या पन्हळींवरचा बर्फ टपटप गळत होता, आणि एवढी मोठी गोष्ट हातात घेऊन उभा असलेल्या माणसाकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता.

त्याने एकिबास्तूझला फोन लावला आणि कागद अक्षरशः वाचून दाखवला, आवक क्रमांकासकट.

"देवा," राउशान म्हणाली. "देवा, देवा." मग तिने विचारलं, "त्याचंही असंच निघालं असतं ना? चाळिशीला बघितलं असतं तर? गाठ असती, काढली असती, आणि असा कागद आला असता?"

दुलातला वीस वर्षांत अनेकांनी विनवलं होतं की साहेब, जरा इकडेतिकडे करा. त्याने कधी केलं नव्हतं. आता करावं, 'नाही' म्हणून टाकावं, असं फार वाटलं.

"हो, वहिनी," तो म्हणाला. "बहुतेक निघालं असतं."

पलीकडे ती रडत होती. त्याने फोन कानाला धरून ठेवला. दवाखान्याच्या पायरीवरून लोक त्याला वळसा घालून जात-येत राहिले. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलेलं ऐकू आलं.

"मग मुलांचं कधी करायचं?"

"दादाला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याच्या दहा वर्षं आधी. म्हणजे पस्तिशीला. त्याआधी कधी रक्त दिसलं, तर त्याच दिवशी."

"तोमिरिस वीस वर्षांची आहे. धाकटा सतरा. पंधरा वर्षं कोण लक्षात ठेवणार?"

"मी ठेवेन," दुलात म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही स्वतःचं दीड वर्ष विसरलात."

"विसरलो नव्हतो. घाबरलो होतो."

"जेवलात का?" राउशानने विचारलं.

"नाही अजून."

"मग आधी जा आणि काहीतरी खा. आणि रविवारी इकडे या. मुलांना तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडाने, सगळं. मला ते नीट सांगता येणार नाही. मी रडेन आणि ते घाबरतील."

"काय सांगू?"

"जसं झालं तसं. काकडीचंही सांगा, बिटाचंही सांगा. काही झाकू नका."

दुलातने कागदाची नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग त्याने एकिबास्तूझच्या पहिल्या बसची वेळ विचारून घेतली, आणि ती लिहून घ्यायला खिशात पेन शोधू लागला.